लेकीला बी.लिब. करू द्यावं का?

प्रिय कोलन,

बँकेत तुला आता या नावाने कुणी ओळखत नसेल, पण मी तरी दुसऱ्या नावाने कसा लिहिणार? ग्रंथपाल व्हायला केलेल्या आपल्या बी.लिब.च्या अख्ख्या वर्गात ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचं कोलन वर्गीकरण, म्हणजे पुस्तकं विषयवार लावायची त्यांची पद्धत, समजलेला तू एकटा. आम्ही बाकीचे ड्युईच्या पद्धतीतले विषयांचे आकडे पाठ करून पास झालो. मराठी साहित्य ८९१.४६ हे मला आजही झोपेतून उठवलंस तरी सांगता येईल. बाकी विसरलो.

तू फोनवर विचारलंस, ‘लेक बी.लिब. करायचं म्हणतेय, करू देऊ का?’ आणि मी ‘बघू’ म्हणून फोन ठेवला. तुला वाटलं असेल टाळलं. टाळलंच. दोन मिनिटांत ‘हो’ म्हटलं असतं तर खोटं ठरलं असतं, ‘नको’ म्हटलं असतं तर त्याहून खोटं.

मी १९९८ला शाळेत लागलो तेव्हा ग्रंथपाल म्हणजे किल्ल्या. व्हरांड्याच्या टोकाची खोली, अकरा कपाटं, अकरा किल्ल्या. पुस्तक आलं की दाखल क्रमांक टाकायचा, मुखपृष्ठाच्या आत शिक्का, आणि आणखी एक शिक्का गुप्त पानावर. आमचं गुप्त पान एकतीस. कुणी पहिली पानं फाडून पुस्तक लांबवलं तरी एकतिसाव्या पानावर पकडायचं! आज हसू येतं, पण तेव्हा मला स्वतःला डिटेक्टिव्ह वाटायचं. वर्षअखेरीला मोजणी. कमी भरलं तर पगारातून. आधीच्या ग्रंथपालांनी मला पहिल्याच दिवशी कानमंत्र दिला होता: पुस्तक द्यायचंच नाही, म्हणजे हरवत नाही.

आणि मी तो पाळला रे, चांगली सात-आठ वर्षं पाळला. रंगनाथनांनी १९३१मध्ये पाच सूत्रं लिहिली, त्यातलं पहिलंच ‘ग्रंथ उपयोगासाठी आहेत’. परीक्षेत त्यावर मला चांगले मार्क होते, आणि शाळेत मी मुलांना काचेतून पुस्तकं दाखवत होतो. केंद्र सरकारच्या वित्तीय नियमांतसुद्धा लिहिलंय की हाताळलेल्या दर हजार पुस्तकांमागे वर्षाला पाच गहाळ झाली तर ते वाजवी समजावं. पण हे आमच्यासारख्या संस्थेच्या ऑडिटरला सांगून बघ!

आता खोलीवरची पाटी तीच आहे, आतला माणूस वेगळा. जूनमध्ये मोफत पाठ्यपुस्तकं उतरवून घेणं माझ्याकडे. यू-डायसची, म्हणजे सरकारला द्यायची शाळेची माहिती माझ्याकडे, कारण ‘संगणक तुमच्याच खोलीत आहे ना’. आधारवरचं नाव आणि हजेरीतलं नाव जुळत नाही, पाठवा ग्रंथालयात. कुणी रजेवर गेलं की बदली तास माझा. शेजारच्या गावातला आपला एक व्यवसायबंधू अर्धवेळ आहे, म्हणजे पगार अर्धा आणि हे सगळं पूर्ण. हे तुझ्या लेकीला आधी सांग, नंतरचं नंतर.

नंतरचं म्हणजे मागच्या आठवड्यातलं. १५ ऑक्टोबर, कलामांचा वाढदिवस, आपल्याकडे वाचन प्रेरणा दिन. दप्तराविना शाळा, ग्रंथदिंडी, फोटो, फोटो पोर्टलवर. आठवीतली एक मुलगी भाषणाची तयारी करायला माझ्याकडे आली. भाषणात कलामांची सहा वचनं. मी सहज विचारलं, ‘हे तिसरं त्यांनी कुठे म्हटलंय?’ ती म्हणाली, ‘सर, त्यांच्या फोटोवरच लिहिलेलं आहे.’ फोटोवर म्हणजे व्हॉट्सॲपवर आलेल्या चित्रावर. मग आम्ही दोघांनी कपाटातली कलामांची पुस्तकं काढली. चार होती. मधल्या सुट्टीत तिच्या दोन मैत्रिणी सामील झाल्या, पाने वाटून घेतली. दोन दिवसांत सहापैकी दोन वचनं सापडली, एक जवळपास तसंच पण वेगळ्या अर्थाचं निघालं, तीन कुठेच नाहीत. ती हिरमुसली. म्हणाली, ‘मग ही कुणाची?’ मी म्हटलं, ‘माहीत नाही. आपल्या चार पुस्तकांत नाहीत एवढंच आपल्याला म्हणता येतं.’ तिने भाषणात दोनच वचनं घेतली, पान क्रमांकासकट! पान क्रमांक ऐकून पुढच्या रांगेतले शिक्षक हसले. शाळेच्या फळ्यावर त्या दिवशी जे वचन रंगीत खडूने लिहिलं होतं, ते आमच्या न सापडलेल्या तिनांपैकीच होतं. मी गप्प बसलो. तिने माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला अजून टोचतंय.

तर हे माझं आताचं काम, कोलन. याचा हुकूम कुणी काढलेला नाही. ग्रंथालयाच्या तासाला पूर्वी मी ‘शांत बसा, वाचा’ म्हणायचो, आता भांडणं लावतो. रयत शिक्षण संस्था कधी सुरू झाली ते शोधून आणा म्हटलं. आमचा सातारा जिल्हा, घरोघरी कुणी ना कुणी ‘रयत’मध्ये शिकलेलं. निम्मी मुलं १९१९ घेऊन आली, निम्मी १९२४. मोबाइलवरच्या एआयने एकाला एक सांगितलं, दुसऱ्याला दुसरं, दोन्ही तितक्याच ठामपणे. जुंपली. शेवटी पुस्तकातून निघालं की कर्मवीरांनी १९१९ला कराडजवळच्या काले गावात संस्था काढली आणि १९२४ला ती साताऱ्याला हलवली. दोन्ही सालं खरी, प्रश्नच अर्धा होता. एक पोरगं म्हणालं, ‘सर, म्हणजे मोबाइलला विचारायचं कसं तेही शिकायला लागणार?’ बी.लिब.ला आपल्याला ‘संदर्भ सेवा’ नावाचा पेपर होता, आठवतो? तू त्यात झोपायचास.

‘किशोर’चे १९७१पासूनचे अंक बालभारतीने नेटवर फुकट ठेवलेत. ते मी मुलांना दाखवतो, आणि मुलांपेक्षा त्यांचे आजोबाच जास्त रमतात असा अनुभव आहे. असो.

माझी फुशारकी समजू नकोस. गेल्या वर्षी एका देणगीदाराने ग्रंथालयाला चार टॅब दिले. ‘डिजिटल लायब्ररी’ म्हणून फीत कापली. टॅब कुठे आहेत? कपाटात. किल्ली कुणाकडे? फुटला तर भरून कोण देणार, या भीतीने मी पुन्हा १९९८चा झालोय. गुप्त पान तेवढं नाही त्यांना.

आणि तपासणीला साहेब येतात तेव्हा विचारतात, ‘एकूण ग्रंथसंख्या किती?’ त्या तीन मुलींनी दोन दिवस घातले, ते लिहायला रकानाच नाही.

लेकीला पुस्तकांत शांत बसायला मिळेल म्हणून हे करायचं असेल, तर नको करू देऊस, शांतता इथे उरलेली नाही. सरकारी जागा लवकर निघतील या भरवशावर तर मुळीच नको. पण ती तुझ्यासारखी, ‘कशावरून?’ म्हणून घरात सगळ्यांना वात आणणारी असेल (वहिनी तसंच म्हणत होत्या), तर तिला आधी इकडे पाठव. दिवाळीची सुट्टी संपली की निर्लेखन काढतोय, वाळवी लागलेली गाइडं आणि जुनी अपेक्षित मिळून तीनेकशे पुस्तकं बाद करायची आहेत. आठवडाभर राहू दे आमच्याकडे. जुने कपडे आणि तोंडाला बांधायला रुमाल आणायला सांग, धूळ फार आहे. टॅबचं कपाट मी तिच्यासमोर उघडेन म्हणतो. एकट्याने धीर होत नाही.

तुझा,
ड्युई