आरसी बुकात ‘रिव्हिजन’चा रकाना हवा

संपादक महोदय,

सायलेन्सरच्या ढिगावर रोडरोलर फिरवतानाचा फोटो आपल्या अंकात आला आणि चारच दिवसांत एका वाचकाचं पत्र छापून आलं: ‘बदल केलेली प्रत्येक गाडी भंगारात काढा.’ रोडरोलरला माझी हरकत नाही. आमच्या गल्लीतून रात्री साडेअकराला बार काढत जाणाऱ्या बुलेटमुळे माझी ऐंशी वर्षांची आई दचकून उठते आणि मग पहाटेपर्यंत तिला झोप लागत नाही. पण ‘प्रत्येक गाडी’ म्हटलं की त्यात माझीही येते, म्हणून हे पत्र.

मी चिकलठाणा एमआयडीसीत छोटं वर्कशॉप चालवतो. कॉम्प्युटरवर चालणारी दोन सीएनसी मशिनं, एक जुनी लेथ, सहा माणसं. बुश आणि पिना असे यंत्रांचे छोटे सुटे भाग बनवतो. २००१ साली शेंद्र्याला स्कोडाची ऑक्टाव्हिया जुळवायला लागले तेव्हा मी आयटीआय करून नुकताच कामाला लागलो होतो. जालना रोडवर बिननंबराची लाल पाटीवाली ऑक्टाव्हिया दिसली की सायकल थांबवून बघायचो. तेव्हाच ठरवलं होतं, कधीतरी हीच घ्यायची. घ्यायला एकवीस वर्षं लागली.

माझी गाडी २०१८ची ऑक्टाव्हिया आरएस २३०, म्हणजे ऑक्टाव्हियाची जास्त ताकदीची आवृत्ती. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २३० घोड्यांची ताकद, ३५० न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर), दोन क्लचचा सहा गिअरचा डीएसजी हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आणि सगळी ताकद पुढच्या चाकांना. २०१७मध्ये ती आपल्याकडे आली तेव्हा शोरूमची किंमत पंचवीस लाखांच्या आसपास होती आणि गाड्या मोजक्याच होत्या. डिकी उघडली की मागची काचही वर जाते, म्हणून जाणकार तिला सेदान मानत नाहीत. विमा कंपनी आणि माझी बायको मानतात. मी ती २०२२मध्ये पुण्याहून घेतली, ४१ हजार किलोमीटर चाललेली, १९ लाखांना. तेवढ्या पैशांत नवी कोरी एसयूव्ही आली असती हे मला आजवर किमान पन्नास जणांनी ऐकवलं आहे.

पहिले चार महिने मजेत गेले. रविवारी पहाटे निघायचं, कन्नडचा घाट उतरून चाळीसगावला जायचं, मिसळ खायची आणि उन्हं चढायच्या आत परत. गाडी भलतीच ओढते हे जाणवत होतं. पण आयुष्यभर मारुती चालवलेल्या माणसाला ‘भलतीच’ म्हणजे नेमकी किती ते कसं कळणार? मला वाटलं, आरएस म्हणतात ती हीच. मग एकदा परत येताना वेरूळच्या अलीकडे, सरळ मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला, तर आरपीएमचा काटा सर्रकन वर गेला आणि गाडी होती त्याच वेगात राहिली. क्लच स्लिप मारत होता. ४५ हजार किलोमीटरवर.

आमच्या मिस्त्रीने स्कॅनर लावण्याआधी स्पार्क प्लग काढले. मला तेव्हा ते विचित्र वाटलं: क्लचची तक्रार आणि हा प्लग कशाला काढतो? प्लग कंपनीच्या नंबराचे नव्हतेच. एका नंबराने थंड होते, म्हणजे उष्णता लवकर सोडणारे, आणि ठिणगीची गॅप मी माझ्याच फिलर गेजने मोजली, तीही नेहमीपेक्षा कमी. तो हसला. ‘साहेब, कुणीतरी हिच्यात फाइल मारलीय.’

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी: इंजिनात किती हवा, किती पेट्रोल आणि कधी ठिणगी हे एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. त्यातली फाइल बदलली की टर्बो जास्त हवा दाबतो. एकही पाना न फिरवता २३०चे २९०च्या आसपास घोडे होतात आणि ३५०चा टॉर्क सव्वाचारशेच्या वर जातो. थंड प्लग आणि कमी गॅप हे त्याच्याच सोबतीने येतं, कारण जास्त दाबात ठिणगी विझू नये आणि प्लग तापून इंजिन ठोकू नये. इंजिन हे सगळं सहन करतं, ते मजबूत आहे. पण त्याच्या मागचा गिअरबॉक्स साधारण साडेतीनशे-चारशे न्यूटन मीटरचा हिशेब धरून बनवलेला. त्याचे क्लच तेलात बुडालेले असतात आणि ते तेल ६० हजारांवर बदलायचं असतं. इथे ते ४५ हजारांवरच काढलं, तर करपलेल्या फोडणीसारखा वास येत होता. पुढे शोधलं तर एक्झॉस्टमधला, धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही (कॅट) पोकळ निघाला. आतली जाळी फोडून टाकलेली. आणि गाडीवर पीयूसीचं ताजं प्रमाणपत्र होतं! ते काढताना मी स्वतः हजर होतो. केंद्रातल्या मुलाने नळी सायलेन्सरला दाखवल्यासारखी केली, नंबरप्लेटचा फोटो काढला, पैसे घेतले.

क्लच, तेल, फिल्टर, नवा कॅट, मूळ नंबराचे प्लग आणि कंपनीची मूळ फाइल परत टाकणं, सगळं मिळून २ लाख ८० हजार. विकणारा डीलर म्हणाला, मला काहीच माहीत नव्हतं. आधीचा मालक म्हणाला, मी डीलरला सांगितलं होतं. कदाचित दोघंही खरं बोलत असतील. कागदावर मात्र काहीच नव्हतं, आणि मला बोलायचं आहे ते याच्यावर.

(कबूल करतो: मूळ फाइल टाकल्यावर पहिल्या दिवशी गाडी मेल्यासारखी वाटली. त्या जास्तीच्या साठ घोड्यांची सवय झाली होती. पण समृद्धीवर मर्यादा १२०ची आहे. २३०पैकी निम्म्याहून जास्त घोडे तिथे तबेल्यातच उभे असतात.)

आमच्या धंद्यात ड्रॉइंगवर एक छोटा रकाना असतो, रिव्हिजनचा. बुशचा आतला व्यास दोन शतांश मिलिमीटरने बदलला तरी तिथे नंबर पडतो, तारीख पडते, कोणी बदललं आणि कोणी मंजूर केलं त्यांच्या सह्या पडतात. बदल करू नका असं कुठलाच ग्राहक म्हणत नाही. न सांगता करू नका, एवढंच म्हणतो. पार्ट पुढे फेल झाला तर त्या रकान्यावरून कळतं, कुठून बिघडलं. आपलं आरसी बुक हे गाडीचं ड्रॉइंगच आहे, पण त्याला रिव्हिजनचा रकाना नाही. म्हणून बदल होतात, लपतात आणि पुढच्याच्या गळ्यात पडतात.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या तपशिलाशी आरसीतली नोंद जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या कायदा दुरुस्तीने १८२अ कलमात तरतूद आली: नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. त्याच दुरुस्तीने केंद्र सरकारला बदलांसाठी मानकं, मंजुरीच्या अटी आणि पद्धत ठरवायचा अधिकारही दिला, हे फारसं कुणी सांगत नाही. सीएनजी किट बसवलं की आरटीओत जाऊन आपण आरसीवर नोंद करून घेतोच ना? अपंग व्यक्तीसाठी गाडीत बदल करता येतात. रंग बदलला तर त्याचीही नोंद होते. म्हणजे खिडकी आहे, बाबू आहे, शिक्काही आहे. मंजूर बदलांची यादी तेवढी तोकडी आहे.

माझा भाचा जर्मनीत श्टुटगार्टजवळ नोकरी करतो. त्याने जुन्या गाडीला उंची कमी करणाऱ्या स्प्रिंगा बसवल्या. स्प्रिंगांबरोबर तपासणीचा अहवाल आला, कोणत्या मॉडेलला चालतील, कोणत्या टायरसोबत चालतील, सगळं लिहिलेलं. तो गाडी घेऊन टीयूव्ही या तपासणी संस्थेच्या केंद्रात गेला, तपासनिसाने गाडी वर उचलून पाहिली, चाकं कुठे घासतात का ते बघितलं, फी घेतली आणि सही केली. झालं. आता गाडी विकताना तो कागद गाडीसोबत जाईल. ही टीयूव्ही मंडळी मुळात १८६६मध्ये मानहाइमला बॉयलर फुटू नयेत म्हणून एकत्र आलेली. आपल्या पुण्यातली गाड्या तपासणारी एआरएआय बरोबर शंभर वर्षांनी, १९६६मध्ये सुरू झाली. वेताळ टेकडीवर बसलेल्या त्या संस्थेला ब्रेक पॅड आणि स्प्रिंगांची यादी करणं अवघड आहे असं मला वाटत नाही.

सगळ्याच बदलांना परवानगी द्या असं मी म्हणत नाही. कॅट फोडून घेणाऱ्याला दंड कराच, आणि तो फोडून देणाऱ्या गॅरेजलाही करा. कर्कश सायलेन्सर कापा, पण आवाज मीटरने मोजून, हवालदाराच्या कानाने नव्हे. मागच्या दिवाळीत क्रांती चौकात माझी गाडी अडवली, कारण मागे दोन नळ्या दिसल्या. त्या कंपनीनेच दिलेल्या आहेत, हे सांगण्यात वीस मिनिटं गेली. चांगले ब्रेक, वळणावर गाडी कमी झुकू देणारा जाडसर स्टॅबिलायझर दांडा, इंजिनाखालची प्लेट यांना मात्र कर्कश सायलेन्सरच्या रांगेत उभं करू नका. आणि एखाद्याला फाइल मारायचीच असेल तर त्याने गिअरबॉक्स झेपतो का ते दाखवावं, प्रदूषण तपासून घ्यावं, आरसीवर वाढलेली ताकद लिहून घ्यावी आणि विम्याचा जास्तीचा हप्ता भरावा. परवडलं तर करेल. नाही परवडलं तर माझ्यासारखा स्टॉकवर, म्हणजे कंपनीच्या मूळ फाइलवर राहील.

तोवर एक काम तर उद्याही होऊ शकेल. गाडी नावावर करताना आपण फॉर्म २९ आणि ३० भरतो. त्यात विकणाऱ्याच्या सहीच्या वर एक ओळ वाढवा: ‘इंजिन, सॉफ्टवेअर, एक्झॉस्ट, ब्रेक, सस्पेन्शन यांत मूळ रचनेपेक्षा केलेले बदल.’ ‘काही नाही’ असं लिहून सही केली आणि नंतर खोटं निघालं, तर निदान ग्राहक आयोगात दाखवायला माझ्या हातात एक कागद असेल. मी गेलो होतो तेव्हा वकिलाने पहिला प्रश्न तोच विचारला: लेखी काय आहे? माझ्याकडे होते फक्त प्लग, एका डबीत.

माझ्या गाडीत आजही दोन बदल आहेत. पुढचे ब्रेक पॅड जास्त उष्णता सहन करणारे आहेत, कारण कन्नडच्या उतारावर मूळचे वास मारायचे. दुसरा म्हणजे चेंबरखालची, म्हणजे इंजिनाच्या तेलाच्या भांड्याखालची प्लेट. या इंजिनाच्या चेंबरचा खालचा भाग प्लास्टिकचा आहे. आमच्याकडचे गतिरोधक ज्यांनी पाहिलेत त्यांना जास्त सांगायला नको. माझ्या ओळखीच्या एकाचं चेंबर हर्सूलजवळ फुटलं आणि सगळं तेल रस्त्यावर आलं, म्हणून मी चार मिलिमीटरच्या अ‍ॅल्युमिनियमची प्लेट स्वतःच कापून बसवली. तेल काढायला आणि हवा जायला भोकं ठेवली आहेत, आणि तिचं ड्रॉइंगही केलं आहे, रिव्हिजन ‘बी’. ‘ए’मध्ये ड्रेन बोल्टचं भोक आठ मिलिमीटर बाजूला गेलं होतं.

आरटीओतल्या कुणाला ती कायद्यात बसते का हे पाहायचं असेल तर कोणत्याही रविवारी सकाळी वर्कशॉपवर यावं, मशिनं बंद असतात. प्लेट सहा बोल्टांवर आहे, दहा मिनिटांत खाली येते.

आपला,
एक लेथवाला वाचक
चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर