गालिच्यासाठी फोटो नको, छटा मोजून आणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छंद आणि प्रवासाच्या पानांवर अलीकडे 'रग हूकिंग', म्हणजे कापडातून लोकरीच्या पट्ट्यांचे लूप (फासे) वर ओढून गालिचा करण्याची कला, अधूनमधून दिसते, याचा आनंद आहे. पण त्यातला बहुतेक मजकूर एकाच चालीचा असतो. समुद्रकाठचे गाव, तीन-चार दिवसांचे निवासी शिबिर, खिडकीतला देखावा, आणि मग 'प्रेरणा मिळाली'. मिळालेल्या प्रेरणेतले काय तरटावर उतरते आणि काय उतरत नाही, याबद्दल चकार शब्द नसतो. वाचक शेकडो फोटो काढून परततो, त्यातला सर्वांत देखणा मोठा करून जसाच्या तसा गिरवतो, आणि महिन्याभरात अर्धा भरलेला गालिचा गुंडाळून माळ्यावर टाकतो. दोष त्याच्या हाताचा नसतो.

आधी एक गल्लत दूर करायला हवी, कारण ती छापील लेखांतही असते. रग हूकिंग म्हणजे क्रोशा नव्हे. लॅच हूकमध्ये कडक जाळीवर धाग्याचे तुकडे गाठीने अडकवतात, पंच नीडल मागच्या बाजूने टोचतात. ही दोन्ही कामे वेगळी आहेत. हूकिंगमध्ये कापड चौकटीवर ताणलेले असते. एका हातात कापडाखाली लोकरीची पट्टी धरायची, दुसऱ्या हाताने वरून हूक घालून तिचा लूप वर ओढायचा. गाठ नाही, गोंद नाही. लूप टिकतो तो शेजारच्या लूपच्या दाटीने आणि कापडाच्या धाग्यांच्या पकडीने. पुढच्या सगळ्या चुका या एका गोष्टीशी जोडलेल्या आहेत.

ही कला 19व्या शतकात अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांत आणि कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावर रुजली. त्या वेळी धान्याच्या रिकाम्या गोण्या घरोघरी मिळू लागल्या होत्या, आणि गोणपाटाची वीण हूक जाण्याइतकी मोकळी असते. मेन राज्यातल्या बिडफोर्ड गावी एडवर्ड सँड्स फ्रॉस्ट या फेरीवाल्याने 1868च्या सुमारास पत्र्याचे साचे कापून छापील नमुने विकायला सुरुवात केली. सोय झाली, पण त्याबरोबर तीच फुले आणि तेच सिंह दारोदारी दिसू लागले. आजच्या कॅनडातल्या न्यूफाउंडलंड-लॅब्राडोरच्या किनाऱ्यावर उलटे घडले. ब्रिटिश मिशनरी डॉक्टर विल्फ्रेड ग्रेनफेल तिथे 1892 मध्ये पोहोचले आणि त्यांच्या मिशनने पुढे बायकांच्या या हातकामाला बाजार मिळवून दिला. ग्रेनफेल मॅटवर दिसते ते डोळ्यांसमोरचे: बर्फ, कुत्र्यांच्या गाड्या, ध्रुवीय अस्वल, जहाज. 1920च्या दशकात तर मिशनने दूरदूरच्या बायकांकडून जुने रेशमी मोजे मागवले, ते रंगवले गेले आणि त्यांच्या बारीक पट्ट्या हूकल्या गेल्या. प्रवासातून काय उचलावे याचा धडा घ्यायचा तर या मॅटकडून घ्यावा. त्यात लूपच्या ओळी चित्र कोणतेही असो, सरळ आडव्या जातात. गोठलेला समुद्र आणि क्षितिज आडवेच असते, त्यामुळे आकाश-पाण्याचा सपाटपणा ओळींच्या दिशेनेच सांगितला जातो, त्यासाठी वेगळा रंग खर्ची पडत नाही. संग्रहालयात अशी मॅट दिसली तर चित्राचा फोटो काढून पुढे सरकू नये. ओळी कोणत्या दिशेने गेल्यात ते पाहावे, एकूण रंग मोजावेत. बहुतेकदा ते अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी निघतात.

कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातले शेटिकँप हे पाहण्याजोगे दुसरे ठिकाण. तिथे कापडाच्या पट्ट्यांऐवजी लोकरीचा धागा वापरतात. त्याच परिसरातल्या एलिझाबेथ लेफोर्ट यांनी धाग्याच्या जोरावर थेट माणसांचे चेहरे हूकले. 'ले त्रवा पिन्यों' या तिथल्या संग्रहालयात त्यांचे काम पाहता येते. ते पाहून भारावलेला नवखा परत येऊन पाव इंची पट्टीने आजीचा चेहरा करायला घेतो आणि फसतो.

का फसतो, ते हिशेबानेच सांगतो. पट्टीची रुंदी क्रमांकाने सांगतात आणि क्रमांक म्हणजे इंचाचे बत्तिसावे भाग. 3 नंबर म्हणजे 3/32 इंच, जेमतेम अडीच मिलिमीटर. 8 नंबर म्हणजे पाव इंच, सहा मिलिमीटरहून किंचित जास्त. 8 नंबरने 60 बाय 90 सेंटिमीटरचा गालिचा केला, तर आखूड बाजूला लूपच्या जास्तीत जास्त शंभरेक ओळी बसतात. फोनच्या फोटोत त्याच बाजूला हजारो ठिपके असतात. डोळा डोळ्यासारखा दिसायला किमान तीन लूप शेजारी हवेत, म्हणजे दोन सेंटिमीटर गेले. त्या प्रमाणात चेहरा वीतभर होतो आणि मग गालिच्यात दुसऱ्या गोष्टींना फारशी जागा उरत नाही. खिडकीचे गज, बोटीची दोरी, दूरवरचे पक्षी हे सगळे या रुंदीत ठिगळासारखे दिसते. पट्टी आधी ठरवावी आणि मग देखावा निवडावा. क्रम उलटला की काम रखडते.

यावर एक साधा उपाय आहे आणि तो प्रवासातच करायचा असतो. पोस्टकार्डाएवढा, 10 बाय 15 सेंटिमीटरचा कागद घ्यावा आणि एक मिलिमीटर जाड टोकाच्या स्केचपेनने चित्र काढावे. पेन्सिल नको, खोडरबरही नको. हा कागद लांबी-रुंदीने त्या 60 बाय 90च्या गालिच्याच्या बरोबर एक षष्ठांश आहे, म्हणून पेनाची एक मिलिमीटरची रेघ म्हणजे सहा मिलिमीटरची पट्टी. पेनाला जे काढता आले नाही ते लोकरीलाही येणार नाही. चित्रकला येत नाही म्हणणाऱ्यांचेच याने जास्त भले होते, कारण बारकावे आपोआप गळतात. परतल्यावर कागदावर एक-एक सेंटिमीटरचे चौकोन आखायचे, कापडावर सहा-सहा सेंटिमीटरचे, आणि चौकोनागणिक रेघा उतरवायच्या.

दुसरी गोष्ट रंगाची. कॅमेरा रंगाबाबत भरवशाचा नाही. ढग आला की तोच दगड निळसर येतो, ऊन पडले की पिवळट. त्याऐवजी आपल्याकडच्या लोकरीचे बोटभर तुकडे भोके पाडून एका कडीत ओवावेत, प्रत्येकावर क्रमांक लिहावा, आणि ती जुडी खिशात ठेवावी. दगडफुलाने माखलेली जुनी भिंत घ्या. दहा पावलांवरून ती करडी दिसते. जवळ जाऊन तुकडे भिंतीला लावत गेलात की कळते, करडा रंग फार थोडा आहे. मोहरीसारखा पिवळा आहे, राखेतला हिरवा आहे, फिका गेरू आहे, आणि भेगांत काळा नव्हे तर गडद तपकिरी. वहीत लिहायचे ते असे: '14 निम्मा, 6 पाव, 22 थोडा, भेगेत 31'. या चार आकड्यांवर सबंध गालिचा उभा राहतो. फोटोही काढावा, पण तो कृष्णधवल करून पाहण्यासाठी. दोन रंग वेगळे असूनही कृष्णधवलमध्ये एकजीव दिसले, तर गालिच्यातही दुरून त्यांच्यातला उठाव कमी दिसणार. लाल छप्पर हिरव्या झाडीत दबून जाते ते यामुळेच. रंग बदलायची गरज नसते, एक बाजू दोन पायऱ्या फिकी केली की पुरते.

आता शिबिरांविषयी. काही प्रसिद्ध आहेत, जसे ओहायोतल्या सॉडर व्हिलेजमधला ऑगस्टमधला रग हूकिंगचा आठवडा. पण कुठेही गेलात तरी तयारी तीच. नाव नोंदवण्याआधी विचारावे: पट्टी कोणत्या नंबरची, पायाचे कापड तरटाचे, लिननचे की मंक्स क्लॉथ नावाचे सुती, एका शिक्षकामागे किती जण, आणि नमुना स्वतःचा चालेल का. शेवटच्या प्रश्नाला 'नाही' आले तर प्रवासातल्या वह्या तिथे उपयोगी पडणार नाहीत, एवढे समजून जावे. तरट स्वस्त, पण ते वर्षांनुवर्षे सुकत जाऊन कुजते. जमिनीवर अंथरायच्या गालिच्याला लिनन बरे.

रुंद पट्टीनेही चौरस फूटभर भरायला सराईत हाताचा अर्धा दिवस सहज जातो. म्हणून शिबिरात गालिचा पुरा करायचा विचारच सोडावा. चित्र घरीच उतरवून, चारी बाजूंना दहा सेंटिमीटर कापड सोडून, कडा झिगझॅग शिवून न्यावे. गालिच्याच्या कडेची रेघ फूटपट्टीने मारू नये. पेन्सिलचे टोक दोन धाग्यांमधल्या खाचेत ठेवून ओढले की रेघ विणीबरोबर सरळ जाते. विणीला तिरकी गेलेली कड पुढे कितीही वाफ दिली तरी सरळ होत नाही.

लोकर किती न्यावी? कापडाची चार ते पाच पदरी घडी करून ती जागा झाकली गेली पाहिजे. वरच्या मापाच्या गालिच्याला सव्वादोन ते पावणेतीन चौरस मीटर लोकरी कापड लागते. पार्श्वभूमीचे सगळे कापड एकाच वेळी रंगवलेले हवे, दुसऱ्या घाण्याचा रंग कधीच तंतोतंत जुळत नाही. प्रवासात जुने कोट-स्कर्ट घेतले तर कोपऱ्यातला धागा जाळून पाहावा. लोकर जळक्या केसासारखी वास मारते आणि राख चुरगळते, कृत्रिम धाग्याचा कडक मणी होतो. खरी लोकर गरम पाण्यात धुऊन घ्यावी. ती आटून घट्ट होते आणि आत कसरीची अंडी असली तर तीही जातात. सुटाचे गुळगुळीत कापड मात्र धुऊनही आटत नाही, त्याच्या पट्ट्या सुटत राहतात.

शिबिरातली वेळ कशी वापरावी, यावर माझे मत ठाम आहे. सकाळी शिक्षक ताजे असताना पाणी, सावली, चेहरा असे अवघड भाग घ्यावेत. पार्श्वभूमी संध्याकाळच्या गप्पांसाठी ठेवावी. बरेच जण नेमके उलटे करतात आणि अवघड भाग घरी एकट्याने घेऊन बसतात. रंग मात्र दिव्याखाली ठरवू नयेत. पिवळ्या उजेडात जुळलेले दोन निळे सकाळी खिडकीपाशी भांडताना दिसतात.

सर्वांत जास्त दिसणारी चूक दाटीची. प्रत्येक भोकात लूप घातला की समोरून छान दिसते, पण चौकटीवरून काढताच गालिचा मधे फुगतो किंवा कडेला गुंडाळतो. 8 नंबरला एखाद-दोन भोके सोडून लूप घ्यावा, उंची पट्टीच्या रुंदीइतकी. मागे उलटून पाहावे: ओळींमध्ये पायाचे कापड थोडे डोकावले पाहिजे. मागे पट्टी एका ओळीवरून उडी मारून दुसरीकडे नेऊ नये. तो पूल पायाखाली घासतो आणि कधीतरी अडकून सबंध ओळ उसवतो. पट्टी संपली की टोक वर काढून लूपच्या उंचीला कापायचे, आणि नवी पट्टी त्याच भोकातून सुरू करायची. ओढताना मागचा लूप निसटत असेल तर हूक सरळ वर जातोय. तो झालेल्या लूपकडे किंचित कलता ठेवून ओढावा. खाली पट्टी पिळली तर तिथे गाठीसारखा उंचवटा येतो, म्हणून खालच्या हाताची दोन बोटे पट्टीला सपाट धरून हवीत.

दुसऱ्याचा नमुना शिबिरात पाहून गिरवण्याचा मोह होतो. ज्याचा नमुना त्याला विचारावे. जुन्या गालिच्यांच्या मांडणीवरून शिकायला मात्र कोणाची हरकत नसते.

परतीच्या वाटेवर चौकटीवरून काम काढून लूपची बाजू बाहेर ठेवून गुंडाळावे. घडी घातली तर पायाचे धागे त्या रेषेवर तुटतात, आणि लूप आत ठेवून गुंडाळले तर पाठीवर ताण येतो. हूक आणि कात्री विमानात हातातल्या बॅगेत ठेवू नये, आणि चौकटीवर कापड पकडून ठेवणाऱ्या दातेरी पट्टीवर जाड कापड बांधावे, नाहीतर त्याच बॅगेतला स्वेटर उसवून निघतो.

कळावे,
आपला,
एक नियमित वाचक