शिवसागर जलाशयाच्या सहलीत झालेल्या फसवणुकीबाबत व नादुरुस्त लाइफ जॅकेटबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
सहल कंपनी, नागपूर

महोदय,

गेल्या मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही घरची चार माणसे आपल्या कंपनीमार्फत महाराष्ट्र एक्सप्रेसने नागपूरहून साताऱ्याला आणि तेथून बामणोलीला गेलो होतो. कोयनेच्या शिवसागर जलाशयात नौकाविहार, स्पीड बोट आणि जेट स्की, असा कार्यक्रम आपल्या पत्रकात छापलेला होता आणि त्याचे पैसे आपण वेगळे घेतले होते. शेजारी काठोकाठ भरलेल्या जलाशयाचे छायाचित्र होते.

प्रत्यक्षात पाणी इतके मागे हटले होते, की बोटीपर्यंत पोहोचण्यासाठी भेगाळलेल्या गाळातून उतारावर बरेच चालावे लागले. माझ्या पत्नीला गुडघ्यांचा त्रास असल्याने ती अर्ध्या वाटेवरूनच परतली. स्पीड बोट व जेट स्की बंद होत्या. साध्या बोटीची एकच फेरी झाली. विचारल्यावर आपला प्रतिनिधी म्हणाला, "पाणी विजेला गेलं, आम्ही काय करणार?"

माझी उभी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, त्यामुळे हे उत्तर मला मान्य नाही. कोयनेचे सुमारे १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) क्षमतेचे धरण मुळात वीजनिर्मितीसाठी बांधलेले आहे. त्याचे पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे उतरते, १९६० मेगावॅट क्षमतेच्या प्रकल्पातली जनित्रे फिरवते आणि पुढे कोकणातल्या वाशिष्ठी नदीला मिळते. पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला कृष्णा लवादाने (राज्यांमधील कृष्णा खोऱ्याच्या पाणीवाटपाचा निवाडा करणाऱ्या न्यायाधिकरणाने) ६७.५ टीएमसीची वार्षिक मर्यादा घातली आहे आणि त्याचे जलवर्ष १ जून ते ३१ मे असे मोजतात. शिवाय पूर्वेकडे सिंचनासाठीही पाणी सोडावे लागते. म्हणजे मेअखेरीस जलाशय उतरलेला असणार, हे दरवर्षीचे गणित आहे. तोतलाडोहच्या पाण्यावर जगणाऱ्या नागपूरकरांना उन्हाळ्यातले धरण कसे दिसते, हे सांगावे लागत नाही. सहली विकणाऱ्या कंपनीला तर ते ठाऊक असलेच पाहिजे.

याहून गंभीर बाब वेगळीच आहे. माझ्या सात वर्षांच्या नातवाला आपल्या प्रतिनिधीने आपल्याच सामानातले मोठ्या माणसाचे लाइफ जॅकेट घातले. ते त्याच्या कानांपर्यंत येत होते, छातीवरचे बकल तुटलेले होते आणि पट्टा सुतळीने बांधलेला होता. पाण्यात पडताच ते जॅकेट डोक्यावरून निघून आले असते. मी ते काढायला लावून नातवाला काठावरच ठेवले, तेव्हा "एवढं काय होतंय, काका" असे मला ऐकवण्यात आले. पाणी उतरले तरी धरणाच्या मूळ नदीपात्रात खोली राहतेच, आणि त्या पोराचा जीव सुतळीच्या गाठीवर सोडण्याचा अधिकार आपल्याला कोणीही दिलेला नाही.

तरी जलक्रीडेपोटी घेतलेली चौघांची संपूर्ण रक्कम १५ दिवसांत परत करावी, उन्हाळी सहलींच्या पत्रकातून ते छायाचित्र काढून पाणीपातळीची स्पष्ट सूचना छापावी आणि लहान मुलांच्या मापाची, तपासलेली जॅकेट घेतल्याचे मला लेखी कळवावे. पावती, पत्रक व जॅकेटचे छायाचित्र सोबत जोडले आहे. मुदतीत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार नागपूर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागण्यात येईल.

आपला,
एक ग्राहक
धरमपेठ, नागपूर