केंद्र बंद पडले. मनोरा मात्र उतरवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या तालुक्यातले सामुदायिक रेडिओ केंद्र फेब्रुवारीअखेर बंद पडले. त्याबद्दल छापून आलेल्या चार ओळींत ‘मोबाइलमुळे श्रोते उरले नाहीत’ एवढेच कारण होते. श्रोते होते, पण आवाज त्यांच्या गावापर्यंत पोचेनासा झाला होता, आणि ही गोष्ट फार वेगळी आहे. आता मनोरा उतरवून सामान विकायचे घाटत असल्याचे ऐकू येते, म्हणून घाईने हे पत्र लिहीत आहोत.

आधी मुदतीचे पाहू. केंद्र सरकारच्या धोरणानुसार प्रसारण तीन महिन्यांहून जास्त बंद राहिले तर परवानगी रद्द होऊ शकते आणि ती फ्रिक्वेन्सी पुढच्या पात्र अर्जदाराकडे जाऊ शकते. परवानगी दुसऱ्या संस्थेच्या नावावर करून देता येत नाही. त्यामुळे ‘कुणीतरी सामान विकत घेईल आणि चालवेल’ हा हिशेब मुळातच बसत नाही. नव्या संस्थेला अर्ज, फ्रिक्वेन्सी, मनोऱ्याच्या जागेची मंजुरी, वायरलेस परवाना हे सगळे पहिल्यापासून करावे लागेल. फेब्रुवारीअखेर धरली तर मुदत मेअखेर संपते, म्हणजे नेमकी मृगाच्या तोंडावर. तोवर सकाळ-संध्याकाळ तासभर तरी, रेकॉर्ड केलेले का होईना, प्रसारण सुरू करावे.

आता आवाज का पोचेना, ते सांगतो. सामुदायिक केंद्राला प्रभावी शक्ती (अँटेनामुळे वाढून मिळणारी) १०० वॉटपर्यंत आणि मनोरा ३० मीटरपर्यंत, एवढीच साधारण मुभा आहे. प्रक्षेपक, म्हणजे ट्रान्समीटर, असतो ५० वॉटचा. सपाट मुलखात त्यातून १० ते १२ किलोमीटर स्वच्छ ऐकू येते. मध्ये टेकडी किंवा सागाचे रान आले की कमी. या केंद्राचा प्रक्षेपक मागच्या पावसाळ्यापासून अर्ध्या ताकदीवर चालत होता. दोष प्रक्षेपकाचा नव्हता. मनोऱ्यावर अँटेनाला जिथे केबल जोडतात, त्या कनेक्टरवरची टेप उन्हाने तडकली होती. विदर्भातल्या उन्हाळ्यात साधी काळी टेप दोन हंगामही धरत नाही. त्या फटीतून पाणी आत गेले, कनेक्टरचे पितळ हिरवे पडले आणि केबलच्या तोंडाशी फूटभर तांब्याची जाळी काळी झाली. अशा जोडातून शक्ती अँटेनात न जाता परत फिरते. प्रक्षेपकाच्या पडद्यावर ‘फॉरवर्ड’ आणि ‘रिफ्लेक्टेड’ असे दोन आकडे दिसतात. ५० वॉटमागे परतीचे २ वॉट चालतात. तो आकडा ५-६ वॉटवर गेला की यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी शक्ती कमी करते. स्टुडिओत सगळे ठीक वाटते, मॉनिटरवर आवाज येतो, पण कडेच्या गावांत नुसती खरखर. लोक समजतात की रेडिओ बंद पडला.

दुरुस्ती मोठी नाही. केबल खराब भागाच्या पलीकडे, चांगले चकचकीत तांबे लागेपर्यंत कापायची, नवा कनेक्टर बसवायचा, त्यावर आपोआप चिकटणारी रबरी टेप ताणून अर्धी-अर्धी चढवत गुंडाळायची आणि वरून उन्हाला टिकणारी टेप. गुंडाळणे नेहमी खालून वर, म्हणजे वरचा पदर खालच्या पदरावर येतो आणि कौलासारखे पाणी ओघळून जाते. केबल इमारतीत शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्यायचा, नाहीतर पाणी केबलवरून थेट यंत्राच्या पाठीत उतरते. मनोऱ्यावर चढणाऱ्याला पट्टा हवाच, आणि तो वर असताना प्रक्षेपक बंद हवा.

दुसरे दुखणे विजेचे, आकाशातल्या आणि तारेतल्याही. अर्थिंगचा खड्डा काळ्या मातीत होता. कोळसा-मीठ घालून केलेला चांगला खड्डा पावसाळ्यात उत्तम काम देतो, पण नवतपात काळी माती भेगाळून पाइपापासून सुटते, रोध वाढतो, आणि वर्षातल्या पहिल्या कडाडणाऱ्या विजा नेमक्या त्याच वेळी येतात. एप्रिलपासून आठवड्यातून एकदा खड्ड्यात दोन घागरी पाणी टाकले आणि मीटरने रोध मोजून वहीत लिहिला तर हा प्रकार टळतो. मनोऱ्याचे आणि यंत्रांचे अर्थिंग जाड पट्टीने एकमेकांना जोडलेले हवे. ते सुटे असले तर वीज पडताच दोन्हींमध्ये दाब तयार होतो आणि यंत्रातून वाट काढतो. अँटेनाच्या केबलवर विजेचा झटका जमिनीत वळवणारा गॅस ट्यूबचा संरक्षक हवा. तो फार महाग नसतो. उलट प्रक्षेपकातला ट्रान्झिस्टर गेला की यंत्र शहरात पाठवावे लागते आणि महिने जातात. वादळात केबल काढून ठेवण्याची सवय चांगली, पण ती काढल्यावर यंत्र चुकूनही सुरू करू नये. अँटेना किंवा ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी चाचणीसाठी जोडायचा रोधक) नसताना चालू केलेला प्रक्षेपक स्वतःच्याच शक्तीने जळू शकतो.

‘वीजबिल परवडत नाही’ हेही कारण सांगितले गेले. प्रक्षेपक, संगणक आणि मिक्सर मिळून साधारण ३५० वॉट घेतात. आठ तासांना २.८ युनिट. स्टुडिओतला दीड टनाचा एसी तासाला दीड युनिटच्या आसपास ओढतो, म्हणजे तेवढ्याच वेळात १२ युनिट. बिल रेडिओचे नव्हतेच, एसीचे होते. प्रक्षेपक स्टुडिओतून काढून शेजारच्या हवेशीर खोलीत एक्झॉस्ट पंख्यापुढे ठेवला आणि त्याच्या जाळीतली धूळ दर पंधरवड्याला झटकली, तर एसीची गरज रेकॉर्डिंगपुरती उरते. एक किलोवॉटचे सौर पॅनल दिवसाला चारेक युनिट देते. लाइन गेल्यावर १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या एका बॅटरीवर, ती निम्म्याखाली न उतरवता, दोन-अडीच तास निघतात. संध्याकाळचे प्रसारण तेवढ्यात होते.

उत्पन्नाची बाजू खरोखर लंगडी आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने जाहिरातीचा वेळ तासाला ७ वरून १२ मिनिटे केला आणि सरकारी दर १० सेकंदांना ५२ वरून ७४ रुपये. म्हणजे ३० सेकंदांच्या एका जाहिरातीचे २२२ रुपये. कागदावर पूर्ण तास भरला तर ५,३२८ रुपये होतात. प्रत्यक्षात सरकारी जाहिराती सणासुदीसारख्या येतात, आणि पैसे त्याहून उशिरा. स्वतःच्या बातम्या द्यायला मनाई, त्यामुळे बाजारपेठेतले जाहिरातदार वर्तमानपत्राकडे आणि केबलकडे वळतात. तीस ग्रामपंचायतींनी ग्रामसभेची सूचना, लसीकरण, पाणी सोडण्याच्या वेळा यांसाठी महिन्याला हजार-हजार रुपयांची वेळ घेतली, तर दोघांचे मानधन आणि बिल निघते. एका सत्कार समारंभाच्या मंडपाला याहून जास्त जातात. स्पेक्ट्रमच्या, म्हणजे फ्रिक्वेन्सी वापरण्याच्या, वार्षिक शुल्काने कुणी बुडत नाही. २०१२ मध्ये ते १९,७०० वरून ९१,००० रुपये केले होते, पण देशभरच्या केंद्रांनी आवाज उठवल्यावर ते मागे घ्यावे लागले.

मोबाइलचे म्हणाल, तर स्मार्टफोनवर इंटरनेटने रोज चार तास ऐकायचे म्हणजे ६४ केबीपीएसने महिन्याला साडेतीन जीबी. एफएम फुकट असते. फोनमधल्या एफएमला मात्र तारेचा इअरफोन लावावा लागतो, कारण ती तारच अँटेना असते. हे साधे तंत्र अनेकांना कुणी सांगितलेलेच नाही. एफएमची सोय बंद करू नका, असे केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये फोन कंपन्यांना कळवले होते, तरी फोन घेताना पाहून घ्यावे.

आणि ऐकायचे काय? पेरणीच्या आधी सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण मोजा, ७० च्या खाली असेल तर बियाणे वाढवा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफण धरू नका. कपाशीत एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने पतंग ओढणारे) लावा, एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की गुलाबी बोंडअळीची फवारणी, त्याआधी नाही. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. वाऱ्याच्या दिशेने फवारा, तोंडाला कापड, घरी आल्याबरोबर अंघोळ, हे बोलणे वावरातल्या मजुरापर्यंत वऱ्हाडीत, झाडीबोलीत किंवा कोलामीत पोचवायला दुसरे साधन कोणते आहे? आकाशवाणीचे काम मोठे आहे, पण एका नाल्यापलीकडच्या पाच गावांना नाला चढल्याचे ती सांगू शकत नाही.

चालवायचे कुणी, हा प्रश्न राहतो. शैक्षणिक संस्थांना ही दारे आधीच उघडली होती. चेन्नईत अण्णा विद्यापीठाचे केंद्र २००४ मध्ये सुरू झाले. १६ नोव्हेंबर २००६ च्या निर्णयाने ती दारे स्वयंसेवी संस्था, कृषी विद्यापीठे आणि कृषी विज्ञान केंद्रांनाही उघडली. निदान तीन वर्षे काम केलेली नोंदणीकृत संस्था पात्र ठरते. तेलंगणातल्या माचनूरच्या दलित स्त्रियांनी २००८ पासून आपले केंद्र चालवून दाखवले. नव्या नियमांत परवानगीची पहिली मुदत दहा वर्षे आहे आणि सल्लागार व कार्यक्रम समितीत निम्म्या स्त्रिया हव्यात. इथले एखादे महाविद्यालय किंवा कृषी विज्ञान केंद्र पुढे आले तर नव्या अर्जातही ही जागा, हा मनोरा, हे अर्थिंग उपयोगी पडेल. मनोरा एकदा कापून भंगारात किलोवर गेला की तो पुन्हा उभा करण्याचा खर्च सगळ्यात मोठा ठरतो.

काहीच जमले नाही आणि कुलूपच लावायचे ठरले, तरी संस्थेने एवढे करावे: प्रक्षेपक सिलिका जेलच्या पुड्या घालून प्लास्टिकमध्ये बंद ठेवावा, केबलचे उघडे तोंड टोपी लावून टेपने बांधावे, बॅटऱ्या दीड-दोन महिन्यांनी भराव्यात, नाहीतर पावसाळ्यानंतर त्या मेलेल्या निघतील, मनोऱ्याच्या ताणतारा दर तिमाहीला तपासाव्यात.

रेकॉर्डिंगचेही तेच. नियमाने तीन महिन्यांचेच जपणे बंधनकारक, म्हणून जुने पुसले जात होते. तरी संगणकात भुलाबाईची गाणी, दंडारीचे सवाल, जात्यावरच्या ओव्या अजून आहेत. १२८ केबीपीएसने तासाला ५८ एमबी लागतात, म्हणजे हजार तास ६० जीबीच्या आत. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर दोन प्रती कराव्यात, एक गावाबाहेर ठेवावी. फाइलच्या नावात तारीख, गाव, गाणाऱ्याचे नाव आणि बोली लिहावी; ‘नवीन फोल्डर ३’ या नावाने पडलेल्या गाण्यांची ओळख पटवणारी माणसे आज गावात आहेत, तोवर हे काम उरकावे. संगणक विकण्याआधी.

आपले,
सामुदायिक रेडिओच्या तंत्र व कार्यक्रम विभागांत काम केलेले काही जण,
यवतमाळ जिल्हा