खाडीवरच्या पायवाटांना खिळे नकोत

संपादक महोदय,

कोकणात आता खाडीकाठी, कांदळवनात, होमस्टेच्या अंगणात लाकडी पायवाटा आणि डेक होऊ लागले आहेत. आम्हा सुतारांना त्यातून काम मिळते, याचा आनंदच आहे. पण फळ्या कशाने मारायच्या, याचा विचार फार थोड्या ठिकाणी होतो. परवा आमच्या भागातल्या अशाच एका पायवाटेवर गेलो होतो. फळीफळीवर खिळ्यांची डोकी दोन-दोन सूत वर आलेली, पायांनी घासून चकचकीत झालेली. पुढे चाललेल्या एका आजींच्या चपलेचा पट्टा त्यात अडकला. नातवाने हात धरला म्हणून त्या पडल्या नाहीत. लाकूड चांगले होते, रंधाकामही साफ होते. खिळे मारायला नको होते, एवढेच.

खिळा लाकडात नुसता दाबामुळे धरून राहतो. आपल्याकडे फळी जूनपासून पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. दर खेपेला खिळा केसभर वर सरकतो आणि परत खाली जात नाही. पुन्हा ठोकला तरी भोक सैल झालेलेच असते. स्क्रूचे आटे लाकडात रुतून बसतात, त्यामुळे तो असा उपळत नाही. शिवाय एखादी फळी कुजली तर तेवढीच खोलून बदलता येते. खिळ्यांची फळी पहारीने उचकटावी लागते, त्यात ती फुटते आणि खालचा वासाही दुखावतो.

खालच्या सांगाड्यात मात्र खिळ्याला मान आहे. तिथे जोडावर आडवा भार येतो. खिळा वाकतो, पण सहसा तुटत नाही. डेकला बरेच जण जिप्समच्या छताचे काळे स्क्रू वापरतात, कारण ते स्वस्त मिळतात. ते कडक असतात. फळीने ओढ दिली की त्यांची मान तुटते, आणि खाऱ्या हवेत गंजायला त्यांना वेळ लागत नाही. मग लोक म्हणतात, यापेक्षा खिळा बरा होता.

समुद्राजवळ ३१६ ग्रेडचे स्टेनलेस स्क्रूच हवेत. ३०४ ग्रेडवर खाऱ्या वाऱ्याने तांबूस डाग चढतात, आणि साधे लोखंड ऐनाच्या किंवा सागाच्या फळीत ओलाव्याने काळे ओघळ सोडते. एक इंची फळीला अडीच इंची स्क्रू, प्रत्येक वाशावर दोन, कडेपासून इंचभर आत. टोकाला आधी ड्रिलने भोक पाडावे, नाहीतर फळी चिरते. डोके फळीच्या पातळीला आले की थांबावे. बॅटरीच्या मशीनने ते आत बुडवले की खळग्यात पाणी साचते, आणि कुजायला तिथूनच सुरुवात होते.

ग्रामपंचायतींना आणि पर्यटनाची कामे काढणाऱ्यांना विनंती आहे, की अंदाजपत्रकात ‘फळ्या बसवणे’ एवढेच न लिहिता स्क्रूचा ग्रेड आणि लांबीही लिहावी. लाकडाच्या खर्चापुढे हा खर्च थोडाच आहे. खिळ्यांवर उभ्या असलेल्या पायवाटाही उखडायला नकोत. वर आलेला खिळा अंबुराने काढावा, शेजारी नवे भोक पाडून स्क्रू बसवावा आणि जुने भोक भरून घ्यावे. हे काम मे महिन्यातच उरकावे.

– एक सुतार, वेंगुर्ला (जि. सिंधुदुर्ग)