गाणं ओळखा, पण कोणतं ध्वनिमुद्रण?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

कोल्हापुरातली, पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेली आणि परदेशात स्थिरावलेली गाणंवेडी मंडळी व्हिडिओ कॉलवर जमून तुकडा ऐकून गाणं ओळखण्याचा खेळ मांडतात. त्यात वाद हटकून होतो, आणि बहुतेक वेळा तो उत्तर देणाऱ्याच्या नव्हे, तर प्रश्न काढणाऱ्याच्या चुकीने होतो. प्रश्न ‘गाण्या’बद्दल विचारलेला असतो, ऐकवलेलं मात्र त्याचं एक विशिष्ट ध्वनिमुद्रण असतं.

गीतरामायणातलं पद वाजवून ‘गायक कोण?’ विचारणं हा नेहमीचा सापळा. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून ती ५६ गीतं प्रसारित झाली तेव्हा त्यांना वेगवेगळ्या गायक-गायिकांचे आवाज होते. पुढे घरोघरी पोचलं ते सुधीर फडक्यांच्या एकट्याच्या आवाजातलं गीतरामायण. फडके जन्माने कोल्हापूरचे, त्यामुळे आपल्याकडे हा वाद जरा जास्तच रंगतो. ‘तुम्ही आत्ता ऐकलेला आवाज कोणाचा?’ असं विचारलं तर तो उद्भवतच नाही. ‘घेई छंद’चंही तेच. १९६७ चं ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक आणि २०१५ चा चित्रपट यांतले आवाज निराळे, आणि चित्रपटाला संगीतकार म्हणून शंकर-एहसान-लॉय यांचं नाव असलं तरी या पदाची चाल जितेंद्र अभिषेकींची. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) प्रभात फिल्म कंपनीने इथे कोल्हापुरातच मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत काढला, संगीत गोविंदराव टेंब्यांचं. नुसता वाद्यांचा तुकडा देऊन चित्रपट विचाराल तर दोन्ही उत्तरं मान्य करावी लागतील. ‘झिंगाट’ची सुरुवात वाजवून ‘सैराट’ हेच उत्तर धरणाऱ्यांनीही त्याचा हिंदी अवतार ‘धडक’ विसरू नये.

याउलट ‘आधी बीज एकले’चा कवी विचारा. बहुतेक जण तुकोबांचं नाव घेतात. ती रचना शांताराम आठवल्यांनी ‘संत तुकाराम’ (१९३६) या चित्रपटासाठी केली, चाल केशवराव भोळ्यांची. हा प्रश्न चोख आहे, कारण उत्तर एकच आहे आणि ते दाखवता येतं. ‘साधी माणसं’चा संगीतकार विचारलात तर ‘आनंदघन’ आणि ‘लता मंगेशकर’ ही दोन्ही उत्तरं बरोबर धरावीत, कारण ‘आनंदघन’ हे लताबाईंचंच टोपणनाव, आणि हे फेरीआधीच सांगावं.

उत्तर तपासायला गाण्यांच्या ॲपवर विसंबू नये. तिथे कवी, संगीतकार, गायक पुष्कळदा एकाच ओळीत ‘कलाकार’ म्हणून येतात, आणि वर्ष बऱ्याचदा संकलनाचं असतं. मूळ गाणं साठच्या दशकातलं आणि साल २००५, असं सर्रास दिसतं. चित्रपटाची श्रेयनामावली किंवा रेकॉर्डचं लेबल बरं. पण लेबलही डोळे झाकून मानू नये. ‘महल’ (१९४९) मधल्या ‘आयेगा आनेवाला’च्या रेकॉर्डवर गायिका म्हणून कामिनी, म्हणजे चित्रपटातल्या पात्राचं नाव छापलं होतं.

आता तुकडे कसे कापायचे ते. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. सुरुवातीच्या संगीताचे ५ सेकंद, दोन कडव्यांमधल्या संगीताचे ८ ते १०. शब्द सुरू होण्याआधी निदान अर्धा सेकंद थांबा, कारण काही गायकांचा श्वाससुद्धा कानसेन ओळखतात. दोन्ही टोकांना ०.१ सेकंदाचा फेड द्या, म्हणजे आवाज हळूहळू चढवा-उतरवा, नाहीतर ‘टक्’ असा आवाज येतो. सगळ्या तुकड्यांची लाउडनेस एकसारखी करा (उणे १६ LUFS च्या आसपास; LUFS हे लाउडनेसचं एकक), म्हणजे जुन्या रेकॉर्डसाठी आवाज वाढवून बसलेल्यांचे कान पुढच्या नव्या गाण्याने फुटणार नाहीत. जुन्या रेकॉर्डची खरखर मात्र साफ करू नये. तिच्यावरून काळ कळतो, आणि सफाईत पेटीचे बारीक सूरही जातात. पट्टी (गाण्याचा आधारस्वर) कोणती, हा प्रश्न जुन्या ध्वनिमुद्रणावर विचारूच नये: मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी उतरवताना ८२-८३ फेऱ्यांनी फिरली तर अख्खा अर्धा स्वर चढतो, आणि काळी एकचं गाणं पांढरी दोनमध्ये ऐकू येतं.

फाइलला ‘प्रश्न ७’ एवढंच नाव द्या आणि साठवताना मेटाडेटातलं, म्हणजे फाइलसोबत साठवलेल्या माहितीतलं, गाण्याचं व गायकाचं नाव पुसा. ते राहिलं तर तुकडा वाजताच उत्तर पडद्यावर झळकतं. यूट्यूबवरून थेट वाजवणं तर नकोच: शीर्षक दिसतं आणि मध्येच जाहिरात येते.

सर्वांत जास्त घोळ आवाज पोचवताना होतो. व्हिडिओ कॉलची ॲप बोलण्यासाठी बनलेली असतात. तंबोऱ्याचा अखंड सूर त्यांना पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो आणि ती तो कापून टाकतात. म्हणून लॅपटॉपसमोर फोन धरून गाणं ऐकवू नये. झूमवर स्क्रीन शेअर करताना ‘शेअर साउंड’वर खूण करावी, कोणी पेटी वाजवून प्रश्न घालणार असेल तर त्याने ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ सुरू करावं. गूगल मीटवर ब्राउझरची टॅब तिच्या आवाजासकट शेअर करावी. ऐकणाऱ्यांनी वायरचे हेडफोन वापरावेत. माइक चालू असताना ब्लूटूथचा आवाज टेलिफोनसारखा चपटा होतो, आणि मग सारंगी की व्हायोलिन, हे कोण सांगणार?

झूमची मोफत बैठक ४० मिनिटांत तुटते, मीटची तासाने. एका प्रश्नाला वादासकट दोन ते अडीच मिनिटं लागतात, तेव्हा झूमवर १५ प्रश्न पुरे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची मंडळी असतील तर आपली रात्रीची साडेआठची वेळ सोयीची. तिकडे उन्हाळ्यात सकाळचे ११, हिवाळ्यात १० वाजलेले असतात. पावसाळ्यात वीज जाते, म्हणून तुकडे आणि उत्तरं आणखी एकाकडे देऊन ठेवावीत.

‘आधी बोलेल त्याचा गुण’ हा नियम ऑनलाइन अन्यायाचा आहे. प्रत्येकाकडे आवाज वेगवेगळ्या उशिराने पोचतो, त्यामुळे जिंकतो तो चांगला कान नव्हे, चांगलं नेटवर्क. उत्तर फक्त संचालकाला चॅटमध्ये पाठवावं, मुदत १५ सेकंद, मुदतीत आलेल्या सगळ्यांना सारखे गुण. व्हॉट्सॲपचा पोल यासाठी निरुपयोगी. कोणी काय निवडलं ते सगळ्यांना दिसतं. टेलिग्रामचा क्विझ पोल बरा, एकदा दिलेलं उत्तर तिथे बदलता येत नाही.

शाझामसारखं गाणं ओळखून देणारं ॲप ठरावीक ध्वनिमुद्रणाचा ठसा जुळवतं, म्हणून पेटीवर वाजवलेली चाल त्याला सहसा सापडत नाही. गूगलला मात्र २०२० पासून गुणगुणलेलं गाणंही ओळखता येतं. लबाडीवर खरा उतारा म्हणजे ॲप सांगणार नाही असा प्रश्न: पुढचं कडवं कोणत्या शब्दाने सुरू होतं, किंवा हा मधला तुकडा कोणत्या वाद्यावर आहे.

रागाची फेरी वेगळी ठेवावी. इथल्या देवल क्लब या संगीतसंस्थेच्या बैठकांत कान तयार झालेल्यांना एक स्वरसंगती पुरते, बाकीचे कंटाळून कॉल सोडतात. आणि विलंबित (संथ लयीतल्या) ख्यालाचा पाच सेकंदांचा तुकडा जाणकारांनाही काही सांगत नाही. ३० सेकंद तरी द्यावेत.

एक विनंती. आपल्या रविवार पुरवणीत कधी गाण्यांचं कोडं छापलंत, तर उत्तरात गाण्याच्या नावाबरोबर गायक, ध्वनिमुद्रणाचं वर्ष आणि ही माहिती कुठून घेतली तेही छापावं. मग तो प्रश्न खेळात जसाच्या तसा वापरता येईल.

आपले,
जुन्या गाण्यांचे काही रसिक, कोल्हापूर