आप्पा, न्याहारी सोडू नका

।। श्री ।।

पुणे,
आषाढ वद्य षष्ठी

तीर्थरूप आप्पांस आणि तीर्थरूप सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनच केला असता. पण फोनवर आप्पा दोनदा "बरं बरं" म्हणून तुझ्याकडे देतात, आणि आई, तुझी गाडी "जेवलीस काय"च्या पुढे सरकत नाही. म्हणून लिहायला बसले. वहिनी वाचून दाखवेल. तिच्यावर कुणी डोळे वटारायचे नाहीत, आधीच सांगून ठेवते. तिनं सांगितलं म्हणून मला कळलं, नाहीतर तुम्ही दोघांनी मिळून ते पचवलंच होतं. आठ दिवस! रोज फोन होत होता, रोज पावसाचं बोलणं, म्हशीचं बोलणं, आणि आप्पा खालच्या वाफ्यात घेरी येऊन बांधावर बसले हे कुणी बोललं नाही.

रोप लावताना, सकाळी दहाच्या सुमाराला, धो धो पावसात माणसाला दरदरून घाम. हाताची थरथर. विचारलं एक तर उत्तर भलतंच. बायांच्या किटलीत गोड चहा होता म्हणून निभावलं. अर्ध्या तासात आप्पा पुन्हा रोपाची मूठ घेऊन चिखलात उभे. आणि का, तर म्हणे, "पोरगी करालीया, तिला जमतंय तर मला काय धाड भरलीया?"

आप्पा, हे ऐकलं आणि मला रात्रभर झोप लागली नाही. चूक माझी आहे. मे महिन्यात आले होते तेव्हा मीच अंगणात उभी राहून पोलक्याची ढिली झालेली शिवण दाखवत होते. मीच मोबाईल पुढं धरून सांगितलं, हे बघा, रात्री सात ते सकाळी अकरा तोंडाला कुलूप. सोळा तास उपास, आठ तासांत खाणं. तुम्ही काहीच बोलला नव्हता. नुसते हसला होतात. तुम्ही असे हसलात की मनात काहीतरी शिजतंय, हे मला या वयात तरी कळायला हवं होतं.

माझं मी सोडणार नाही, हे स्पष्ट लिहिते. आई, वाईट वाटून घेऊ नकोस. संक्रांतीनंतर सुरू केलं तेव्हा वजन होतं 76 किलो, कंबरेचा घेर 97 सेंटिमीटर. आपल्याकडच्या बाईला 80 च्या वर गेलं की धोका धरतात. आणि तीन महिन्यांच्या साखरेची ती तपासणी, एचबीएवनसी, ती आली 6.1. साडेसहाला मधुमेह म्हणतात, 5.7 पासून उंबरठा. म्हणजे मी उंबरठा ओलांडून ओटीवर आले होते. तो कागद हातात आला तेव्हा मला दुसरं काही दिसलं नाही, आजीचा उजवा पाय दिसला. ते वर्ष. तुम्ही दोघं आळीपाळीनं दवाखान्यात, आणि मी आणि दादा घरात. त्यावर मी अधिक लिहीत नाही.

उपाशी मरत नाही गं मी. अकराला नीट जेवते. भाकरी, पालेभाजी, आमटी, वाटीभर दही, आणि भातसुद्धा. दादानं पाठवलेला येळ्ळूरचा बासमती आहे, तो शिजला की शेजारीण विचारते आज कोण पाहुणे आलेत. फक्त आता वाटीनं घेते, आधी डोंगर रचायची. चारला मूठभर शेंगा, नाहीतर एखादा पेरू. साडेसहाला पुन्हा जेवण, सातच्या आत ताट धुऊन पालथं. सकाळी चहा कोरा, बिनसाखरेचा. पहिले पंधरा दिवस तो घशाखाली उतरत नव्हता, डोकं ठणकायचं, आणि ह्यांच्यावर मी अशी खेकसायची की ते बिचारे माझी अकरा वाजायची वाट माझ्यापेक्षा जास्त बघायचे. आता सवय झाली. मधे एकदा ऑफिसात कुणीतरी गोकाकचं करदंट आणलं होतं, रात्री नऊ वाजता अर्धा पुडा संपवला. लपवत नाही.

आता वजन 70 आहे. साखर 5.8. म्हणजे अजून उंबरठ्यावरच, पण एक पाय बाहेर.

यात जादू काही नाही आप्पा, हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं. मी वाचलं. अमेरिकेत 2020 साली 116 माणसांवर बारा आठवडे हे सोळा-आठचं करून बघितलं, तर एरवीसारखं तीनदा जेवणाऱ्यांपेक्षा यांचं वजन काही खास उतरलं नाही. उलट जे उतरलं त्यात चरबीबरोबर अंगाचं मांसही गेलं. चीनमध्ये ग्वांगझौला वर्षभर 139 जणांना कमी खायला लावलं, त्यातल्या अर्ध्यांना सकाळी आठ ते दुपारी चार एवढंच खायची मुभा. वेळ पाळणाऱ्यांचं आठ किलो गेलं, बाकीच्यांचं सव्वासहा, आणि तो फरक मोजण्यात धरण्याजोगा नाही असं त्यांनीच लिहिलं. मग माझं कसं उतरलं? रात्री दहाला टीव्हीपुढे चिरमुरे, फरसाण आणि उरलेली पोळी चालायची ती बंद झाली, एवढंच. घड्याळ माझ्यासाठी दाराची कडी आहे. तुमच्या घरात रात्री दहाला कोण चिरमुरे खातंय? तुम्ही साडेआठला घोरत असता.

आणि तुम्हाला तो मेसेज आला होता ना, जपानी शास्त्रज्ञाला उपासाबद्दल नोबेल मिळालं म्हणून? तुम्ही तो दादाला, मला, अख्ख्या भजनी मंडळाला पाठवलात. 2016 चं वैद्यकाचं नोबेल योशिनोरी ओसुमींना मिळालं हे खरं. पण ते पेशी आपल्यातला मोडका माल मोडून पुन्हा कशा वापरतात त्याच्या शोधासाठी, आणि त्यांनी तो शोध लावला यीस्टवर. पाव फुगतो ते यीस्ट. बेळगुंदीच्या बहात्तर वर्षांच्या शेतकऱ्यावर कुणी काही लावलेलं नाही.

दीक्षित डॉक्टरांचे व्हिडिओही तुम्ही ऐकता, ठाऊक आहे. दिवसात दोनदा जेवण, पंचावन्न मिनिटांत आटपायचं, पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं, मूळ कल्पना जिचकारांची. मला त्या माणसांबद्दल आदर आहे. पण तुम्ही त्यातलं जेवण सोडायचं तेवढं उचललंत आणि गोळी तशीच ठेवलीत. तिथंच सगळं बिघडलं.

तुमच्या सकाळच्या गोळीत दोन औषधं आहेत. एक मेटफॉर्मिन, ते त्यातल्या त्यात गरीब. दुसरं ग्लिमेपिराइड. ते स्वादुपिंडाला दटावून इन्सुलिन सोडायला लावतं, तुम्ही जेवला आहात की नाही हे विचारत बसत नाही. म्हणून डॉक्टरांनी ती न्याहारीआधी घ्या सांगितली होती. तुम्ही सातला गोळी घेतलीत, न्याहारी सोडलीत, आणि वर तीन तास चिखलात वाकून रोप लावलंत. साखर खाली जाणार नाही तर काय होणार? माझ्या पोटात अशी गोळीच जात नाही, म्हणून मला सोळा तास चालतात. तुमचं आणि माझं सारखं नाही आप्पा. नाक सारखं आहे, हट्ट सारखा आहे, गोळी सारखी नाही.

रागावले असं समजू नका. खरं सांगू, वहिनीनं सांगितल्यावर आधी मी हसले होते. मला आठवलं, मी पाचवीत एक सोमवार धरला होता, तर तुम्हीही दिवसभर जेवला नव्हतात. आईला म्हणाला होतात भूक नाही. मग संध्याकाळी खळ्यावर शेकोटीत रताळी भाजलीत, राख फुंकून साल काढून एक एक फोड माझ्या तळहातावर ठेवत होतात, आणि सगळ्यात शेवटचं करपलेलं टोक तुम्ही खाल्लंत. तेव्हा मला वाटलं होतं तुम्हाला करपलेलंच आवडतं. बरीच वर्षं वाटत होतं.

तर आताही तुम्ही माझी सोबतच करायला निघाला होतात. कळलं मला. पण ही सोबत नको.

आता सांगते ते दोघांनी नीट ऐका. आप्पांची न्याहारी आठच्या आत झालीच पाहिजे. उप्पीट, आंबोळी, शिळी भाकरी-दूध, काय असेल ते, पण पोटात गेल्याशिवाय वाफ्यात पाय नाही. गोळी स्वतःच्या मनानं बंदही करायची नाही आणि अर्धीही करायची नाही. येत्या मंगळवारी बेळगावला डॉक्टरांकडे अकराची वेळ घेतली आहे, मी परस्पर घेतली, विचारलं नाही, तेव्हा कारण काढू नका. रोप लावण त्या दिवशी थांबली तरी शेत पळून जात नाही. झाला प्रकार डॉक्टरांना जसाच्या तसा सांगायचा, "थोडी चक्कर आली" असं नाही. गोळीचा डोस बदलायचा की गोळीच बदलायची ते ते बघतील. दादाला सुट्टी मिळाली तर गाडी आहे, नाहीतर बसनं सीबीटीला, मोठ्या स्टँडवर, उतरा. आई, तुझं आधार कार्ड पिशवीत ठेव, कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेच्या कृपेनं तुझं तिकीट फुकट, आप्पांचं तेवढं काढायचं. दोन वर्षांमागं तूच कंडक्टरपुढं ताठ बसून आप्पांना म्हणाली होतीस, आज मी सरकारची पाहुणी. आणि तू नुसती सोबतीला जायचं नाहीस. तुझंही रक्त तपासून घ्यायचं. जिना चढताना दम लागतो हे मी मे महिन्यात पाहिलंय.

आप्पांच्या बंडीच्या खिशात साखरेची पुडी हवी. खडीसाखर नको, ती विरघळेपर्यंत वेळ जातो. घाम, थरथर, छातीत धडधड, एकदम भूक, बोलणं भरकटणं, यातलं काही झालं की तीन चमचे साखर पाण्यातून, आणि पंधरा मिनिटांनी साखर मोजायच्या मशीनवर बघायचं. 70 च्या खाली आकडा असेल तर परत तेवढीच साखर, आणि मग काहीतरी खायचं. शुद्ध हरपली तर मात्र तोंडात काही ओतायचं नाही, 108 ला फोन. हे मी वहीच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पाठवतेय, ते देव्हाऱ्याशेजारी चिकटव. गोळ्यांच्या डबीवरही मराठीत चिठ्ठ्या लावून दिल्यात, सकाळ, रात्र, जेवणाआधी, जेवणानंतर.

बारीक व्हायचं तुम्हाला काही कारणच नाही आप्पा. सत्तरीनंतर उतरलेलं मांस परत चढायला फार वेळ लागतो, आणि तुमच्या त्या मांड्यांवर अजून दोन एकर भात उभं आहे. चालायचं असेल तर संध्याकाळी राकसकोपच्या रस्त्यानं चाला, पाऊस उघडला की. बरोबर कुणीतरी असू दे.

आई, तुला एक विचारायचं होतं. फोनवर तू म्हणालीस, "देवाचं नाव नाही, तिथी नाही, हा कसला उपास?" मी तेव्हा हसून टाळलं. तू एकादशी धरतेस, सोमवार धरतेस, आणि वर रोज सगळ्यांचं झाल्यावर दुपारी दोनला पहिला घास. सकाळचा अर्धा कप चहा सोडला तर सोळा तासांचं गणित तू माझ्या जन्माआधीपासून करतेस. त्याचं वजन कुणी केलं नाही. तू आता सगळ्यांबरोबर बसून जेव. वहिनीला मी सांगितलंय, ती तुझं ताट आधी वाढेल. तिला नको म्हणू नकोस, तिनं माझ्याकडून शब्द घेतलाय आणि मी तिच्याकडून.

माझी काळजी करू नका. दर तीन महिन्यांनी तपासणी करते. डॉक्टरांना विचारूनच सुरू केलं होतं. ह्यांनी चपात्या शिकून घेतल्यात, गोल नसतात, पण फुगतात. धाकटा दहाला झोपतो आता, घरात रात्री कुणी खात नाही म्हटल्यावर त्यालाही जागायचं कारण उरलं नाही. तुझी शेंगाचटणी संपत आली आहे, दादाबरोबर पाठव, आणि लसूण थोडा जास्त घाल.

गणपतीला येतेय, पाच दिवसांची रजा मंजूर झाली. उपास त्या पाच दिवसांत बंद, हे आधीच कबूल. चतुर्थीला माझे मोदक सहा धर. आप्पांचा एक. वादावादी नको, एक.

तुमची,
थोरली

ता. क. पार्सलमधे साखर मोजायचं मशीन आहे, पट्ट्या पन्नास आहेत. सुई टोचायची म्हटल्यावर आप्पा कुठं तरी कामाला निघतील, तेव्हा पहिल्यांदा आईनं स्वतःचं बोट पुढं करावं. मग ते बसतील.